बेटावरची चकरीची गोळी

बारा वर्षं ज्या वस्तीला मी औषधं दिली, ती वस्ती मी कधी पाहिलीच नव्हती. नाशिकच्या पश्चिमेला, धरणाकाठच्या एका बाजाराच्या गावात माझा दवाखाना आहे. धरण भरलं की पलीकडची एक टेकडी चारी बाजूंनी पाण्यात सापडते आणि तिच्यावरच्या बावीस घरांचं बेट होतं. तिथली माणसं माझ्याकडे येत नाहीत, काशिनाथ येतो. दर बाजाराला होडीतून उतरून तो माझ्यासमोर बसतो आणि अख्ख्या बेटाची दुखणी पाठ केल्यासारखी एका दमात सांगतो: अमक्याचे गुडघे, तमकीचा खोकला, धोंडीबाची चक्कर. मी पाकिटं भरतो, तो घेऊन जातो. ही सोय मला फार हुशारीची वाटत असे.

यंदा नवरात्रात तो म्हणाला, "एकदा येऊन तर बघा, डाक्टर. लोक तुमच्या नावानं गोळ्या खात्यात, पण तुमचं तोंड एका धोंडीबाबिगर कुनी पाह्यलं नाय."

म्हटलं चला, तेवढीच सहल. बॅगेत बीपीचं आणि साखर तपासायचं यंत्र टाकलं, बायकोने दिलेला डबा घेतला आणि सकाळी नऊला त्याच्या पत्र्याच्या होडीत जीव मुठीत धरून बसलो. मला पोहता येत नाही, हे होडी काठापासून लांब गेल्यावर आठवलं.

पाणी मात्र शांत होतं. बुडालेल्या झाडांचे वाळके शेंडे वर आले होते आणि त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते. मध्येच काशिनाथने वल्हं थांबवलं. "या इथं खाली आमची जुनी विहीर हाय," तो म्हणाला. मग पश्चिमेकडे बघून, "दुपारून वारा सुटंल. जेवलं का लगेच निघू."

बेटावर पाय ठेवला आणि माझी वरात निघाली. घरोघरी खोकला होता, कारण घरोघरी बिनखिडकीची चूल होती. बायकांच्या पायांना चिखल्या (बोटांच्या बेचक्यात पडणाऱ्या भेगा) होत्या. पाणी आणायचं म्हणजे रोज गाळात उतरायचं, मग मलम काय करणार? या पायांसाठी मी बारा वर्षं ट्यूबा पाठवत होतो. एकदाही विचारलं नव्हतं की बाई, तू उभी कुठे राहतेस?

जेवायला काशिनाथच्या घरी नागलीची (नाचणीची) भाकरी आणि खुरासणीची (कारळ्याची) चटणी होती. चटणीने डोळ्यांत पाणी आणलं, तरी दुसरी भाकरी मागून घेतली. त्याची बायको मंदा हरसूलकडची, दहावी शिकलेली, म्हणून बेटाच्या औषधांचा पत्र्याचा डबा तिच्या ताब्यात असतो. तिने तो मोठ्या कौतुकानं माझ्यापुढे उघडला.

"मानसागनिक नाय ठेवत आमी, दुखण्यागनिक ठेवतो," ती म्हणाली. "होडी रोज थोडीच जाती? ज्याला जे दुखंल त्यानं ते उचलायचं. वाया काय जात नाय."

मी हसून मान डोलावली. खरं तर तिथेच मी तो डबा तपासायला हवा होता.

काशिनाथची आई हिरामावशी नऊ दिवसांचा कडक उपास धरून आतल्या खोलीत घटापाशी बसली होती. मी नमस्कार करायला गेलो. तिने ओळख नसल्यासारखं पाहिलं. लुगडं घामानं भिजलं होतं, हात थरथरत होते, बोलणं लडबडत होतं.

"सकाळधरनं अशीच हाय," मंदा म्हणाली. "उपासानं गरगरतंय म्हनली, तवा दोन गोळ्या दिल्या चकरीच्या."

"कुठल्या?"

तिने डब्यातलं पाकीट आणलं. त्यावर निळ्या शाईत मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'चकरीसाठी'. आत साखर उतरवायच्या गोळ्या होत्या. अक्षर माझं होतं.

धोंडीबाची साखर वाढली होती म्हणून त्याला चक्कर येत असे. तो एकदाच, पहिल्यांदा, स्वतः आला होता. "आमाला कळंल असं लिवा," असं काशिनाथ म्हणाला म्हणून मी आजाराचं नाव न लिहिता लक्षण लिहिलं आणि तेच पुढे लिहीत गेलो. आता ती गोळी रिकाम्या पोटी उपाशी म्हातारीच्या अंगात होती.

साखरेच्या यंत्रावर आकडा चाळीसच्या खाली आला; निदान सत्तर तरी हवा. माझ्याकडे सलाईन नव्हतं, ग्लुकोजची सुई नव्हती. सहलीला आलो होतो ना!

"गूळ आणा, लवकर!"

मावशीने दात आवळले. "घट उठल्याबिगर... नाय," एवढंच कसंबसं म्हणाली.

"देवीला मी सांगतो, मावशी. पाप माझ्या माथी," मी म्हणालो आणि ओला गूळ तिच्या हिरड्यांना चोळत राहिलो. हळूहळू तिने गिळायला सुरुवात केली. मग चमच्याचमच्याने गुळाचं पाणी दिलं. पाव तासानं तिने मला विचारलं, "तू कोन रं बाबा?" मंदा रडायला लागली.

मला हायसं वाटलं नाही. त्या गोळीचा अंमल दिवसभर टिकतो. आकडा चढला, अर्ध्या तासात पुन्हा घसरला. तालुक्याचं इस्पितळ पाण्यापलीकडे, आणि वारा सुटला होता.

काशिनाथ पाण्याकडे बघत होता. "आत्ता नाय जमायचं, डाक्टर."

"थांबलो तर ती जाईल," मी म्हणालो.

दुसरं वल्हं घ्यायला धोंडीबा पुढे आला. होडी आडवी होत होती, पाणी आत येत होतं. मंदा माझ्या जेवणाच्या डब्याने ते उपसत होती, आणि मी म्हातारीचं डोकं मांडीवर धरून गुळाचं पाणी पाजत होतो. मी इतका घाबरलो होतो की ती गिळायची थांबली तरी मला कळलं नसतं, म्हणून दर घोटाला मी मोठ्यानं "गिळलं का?" विचारत होतो. शेवटी मावशीच वैतागली. "गिळलं रं! किती इचारतो?"

काठावर जीप मिळाली. इस्पितळात सलाईन लागलं. संध्याकाळी आकडा स्थिर झाला आणि तिथले डॉक्टर म्हणाले, धोका टळला.

काशिनाथ माझ्या पायांवर वाकला. "देवासारखे आले तुमी."

त्याला तिथेच उठवलं आणि सगळं सांगितलं. पाकिटावरचं अक्षर माझं, चूक माझी. त्याला ते पटेना. "तुमी लय दमलात," म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाहेर पायरीवर धोंडीबा हातांवरचे फोड बघत बसला होता. तेव्हा कुठे मला आठवलं की या सगळ्यात खरा रुग्ण हा आहे. त्याचं बोट टोचलं. आकडा साडेचारशेच्या वर गेला.

"धोंडीबा, दर महिन्याला तुझ्या गोळ्या पाठवतोय मी. खात नाहीस?"

"दोन वर्सं झाली, नाय खात," तो भाबडेपणानं म्हणाला. "चक्कर थांबली ना माझी. मंग चकरीची गोळी कशाला खाऊ?"