धुकेवाला गप्प गेला तेव्हा

लुत्सिनाबाईंची हौस एकच. कुणीतरी, एकदा तरी, त्यांच्याबद्दल दोन शब्द लिहावेत. तोंडाने कबूल करायच्या नाहीत, पण मी बावीस वर्षं बघतेय.

आमच्या क्रोस्नो गावच्या सांस्कृतिक भवनात दर मार्चला मुलांच्या सिनेमांचा आठवडा असतो. मी खाली येणाऱ्यांचे कोट सांभाळते. सिनेमे परदेशी. लहान पोरांना पडद्यावरच्या ओळी भराभर वाचता येत नाहीत, म्हणून मागच्या काचेच्या खोलीत बसून लुत्सिनाबाई सगळ्यांचं बोलणं आमच्या भाषेत माईकवर वाचतात. राजा, राणी, मांजर, राक्षस, सगळे एकाच आवाजात आणि तोही सपाट. वाचणाऱ्याने जरा नाटकीपणा केला की आमचे लोक नाक मुरडतात. बाईंची नोकरी रेल्वे स्टेशनात गाड्या पुकारण्यात गेली. त्यामुळे राक्षसाने माणूस खाल्ला काय आणि झेशुवची गाडी वीस मिनिटं उशिरा आली काय, त्यांच्या तोंडून दोन्ही सारखंच.

सिनेमा सुटला की पोरं माझ्या टेबलावरच्या पेटीत अभिप्रायाच्या चिठ्ठ्या टाकतात. शेवटचा कोट गेला की आम्ही दोघी लिंबाचा चहा घेऊन त्या वाचत बसतो. मांजर आवडलं, राणी खडूस आहे, खुर्ची टोचते. वाचणाऱ्या बाईंबद्दल एक अक्षर असेल तर शपथ! 'चांगली वाचणारी ऐकूच येत नाही गं,' असं बाई म्हणायच्या आणि लगेच पुढची चिठ्ठी उघडायच्या. मला त्यांची दयाही यायची आणि रागही.

यंदा धुकेवाल्याचा सिनेमा होता. एका मुलीला धुक्यातून वाट दाखवणारा म्हातारा, त्याच्या गोष्टींची चार पुस्तकं. तिसरीतल्या पोरांना ती तोंडपाठ. कोट काढता काढताच भांडणं सुरू. पुस्तकात दाढी हिरवी आहे, सिनेमात पांढरी कशी? बोकड कुठे गेला? एवढीएवढीशी पोरं, पण मतं अशी की जणू पुस्तकं यांनीच लिहिलीत.

सिनेमा संपत आला तेव्हा मीही आत जाऊन उभी राहिले. धुकेवाला मुलीला सोडून निघाला. पुस्तकात तो जाताना म्हणतो, 'तू हाक नाही मारलीस तरी मी वळून बघेन.' सिनेमावाल्यांनी ते वाक्यच गाळलेलं. म्हातारा मुकाट्याने चालू लागला. दोन-तीन पोरं ओरडली, "बोल ना!" मग आणखी दहा-बारा. म्हातारा पाठमोरा, तोंड दिसतच नव्हतं. आणि माईकवरून तोच स्टेशनचा आवाज आला: "तू हाक नाही मारलीस तरी मी वळून बघेन."

वाचणाऱ्याने पदरचा एक शब्द घालायचा नाही, हा बाईंचाच नियम. पोरं मात्र गप्प झाली.

चिठ्ठ्या उघडल्या तर काय! निम्म्याहून जास्त पोरांनी तेच वाक्य लिहिलेलं. सिनेमा छान, धुकेवाला छान बोलला. बाईंचा चेहरा उतरला. नियम मोडला तो मोडला, वर शाबासकी पडद्यावरच्या म्हाताऱ्याला. "हात दाखवून अवलक्षण," मी म्हटलं. मला जरा गप्प बसायला हवं होतं.

तळाशी एक चिठ्ठी होती. कालिना, तिसरी ब. 'वाचणाऱ्या बाई मध्येच बोलल्या. तो गप्प जात होता तेच मला आवडलं होतं.'

बावीस वर्षांनी दोन शब्द आले, ते हे! बाईंनी चिठ्ठी तीनदा वाचली. मला वाटलं, आता रडतील. पण त्या विचारात पडल्या. बाकीच्यांना कळलं नाही ते या एकटीलाच कसं कळलं? हे कोडं काही त्यांना सोडेना.

दुसऱ्या दिवशी तोच वर्ग दुसऱ्या सिनेमाला आला. बाई वेळेआधीच खाली येऊन माझ्या टेबलापाशी उभ्या. कालिना म्हणजे शेंबडं नाक पुसत स्वतःची टोपी स्वतःच टांगणारी पोरगी, माझ्या हातात देईना. बाईंनी आपण कोण ते सांगितलं आणि सरळ माफी मागितली. तू म्हणतेस ते खरं, म्हणाल्या, मी बोलायला नको होतं. पोरीने मान डोलावली, मोठ्या माणसासारखी.

मग बाईंना राहवेना. इतक्या वर्षांची भूक ती. हळूच विचारलं, "आणि बाकीचं? बाकीचं मी कसं वाचलं?"

कालिनाला प्रश्नच कळला नव्हता.

"बाकीचं तर सिनेमातले स्वतःच बोलत होते," ती म्हणाली. "तुम्ही तेव्हा कुठे होतात?"

लुत्सिनाबाईंनी माझा हात घट्ट धरला. नखं रुतली, पण मी सोडवला नाही.