मुदत उलटली, आपल्याकडून काही आलेलं नाही

जुलैतल्या एका शनिवारी दुपारी मी दोन मेसेज लिहिले आणि दोन्ही चुकीच्या माणसांना पाठवले.

पहिला होता लातूरच्या एका निवृत्त प्राध्यापिकाबाईंसाठी. मानसशास्त्राच्या एका त्रैमासिकाचा मी संपादक आहे. आमच्याकडं आलेला एक शोधनिबंध मी मॅडमना तपासायला दिला होता. निबंधाचा विषय होता कामं पुढं ढकलायची सवय, आणि मॅडमनी नेमका तोच पुढं ढकलला होता. म्हणून मी जरा कडक लिहिलं: ‘मुदत उलटली. आपल्याकडून अजून काहीच आलेलं नाही. आणखी किती वाट बघायची? जमणार नसेल तर स्पष्ट कळवा, म्हणजे दुसरा विचार करता येईल.’

दुसरा होता माझ्या लेकीसाठी. तीही लातूरलाच. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत मार्क कमी पडले म्हणून पुन्हा एक वर्ष क्लास लावून हॉस्टेलवर राहत होती. तिचं पोट बिघडल्याचं तिच्या आईकडून कळलं होतं. म्हणून लिहिलं: ‘जेवलीस का गं पिल्लू? ओवा चावून खा. जास्त जागू नको.’

ओवा मॅडमना गेला. मुदत लेकीला गेली.

मॅडमचं उत्तर लगेच आलं. ‘जेवले. ओवा घरात आहे. जागत नाही. अहवाल रविवारी पाठवते. ज्या मुलीसाठी हे लिहिलं तिला ते पाठवायला विसरू नये.’

मी हसत हसत बायकोला दाखवायला गेलो. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शनिवारची शाळा सकाळची, म्हणून घरी होती, गवार मोडत बसली होती. तीही हसली. तेवढ्यात लेकीचं उत्तर आलं.

‘सॉरी बाबा. या टेस्टला नाही जमलं. पुढच्या वेळी नक्की. प्लीज अजून थोडं थांबा.’

बायकोनं हातातली शेंग खाली ठेवली.

“तिला कळलंच न्हाई.”

“काय कळलं नाही?”

“हा मेसेज दुसऱ्याचा हाय म्हणून.”

मी म्हणणार होतो की ‘आपल्याकडून’, ‘कळवा’ असं कुठला बाप पोरीला लिहील? पण रागावलो की मी घरातल्यांनाही अहो-जाहो करतो, हे बायको मला सांगणार, हेही मला माहीत होतं. म्हणून घाईघाईनं ओव्याचा मेसेज लेकीला पाठवला आणि दोघं फोनकडं बघत बसलो.

‘बाबा, हा चुकून आला का?’

बायको गवारीची परात उचलून आत गेली. मी तिथंच उभा राहिलो आणि खरं सांगायचं तर पुढचे आठ महिने कुठंही नीट बसलो नाही.

तसं आमचं त्रैमासिकही माणसाला बसू देत नाही. मराठवाड्यातले मानसशास्त्राचे शिक्षक मिळून ते चालवतात, म्हणजे बाकीचे मिळतात आणि मी चालवतो. कार्यालय म्हणजे आमच्या नांदेडच्या कॉलेजातलं एक लोखंडी कपाट, ज्याचं एक दार गुडघ्यानं दाबल्याशिवाय लागत नाही. वर्षाचे चार अंक. प्रत्येक अंक छापून हातात पडेपर्यंत वाटत राहतं की हा काही निघत नाही. शिक्षकांना बढतीसाठी छापील निबंध लागतात, त्यामुळं फोन चालू असतात. “सर, माझं कुठवर येऊन राहिलं?” जसं काही निबंध एसटीनं येतोय आणि मी स्टँडवर उभा आहे. अर्धापूरचे एक गृहस्थ केळीचा घड घेऊनच आले. “घरची आहेत सर. पेपरशी काहीच संबंध नाही बरं का.” मी तत्त्वाला धरून नको म्हणालो, ते तत्त्वाला धरून ठेवून गेले. त्यांचा निबंध पुढं नाकारला गेला. ते कळवताना मी शेवटचं केळ खात होतो.

आमच्याकडं एक पद्धत आहे आणि तिचा मला भारी अभिमान. निबंध तपासायला जातो तेव्हा त्यावर लेखकाचं नाव नसतं, आणि तपासलं कुणी ते लेखकाला कळत नाही. मध्ये पडदा. “कुणाकडं दिलाय तेवढं तरी सांगा सर,” असं कुणी म्हटलं की मी एकदम ताठ होतो. आणि एक माझी स्वतःची खोड आहे. नुसतं ‘स्वीकारला’ असं मी आजवर कुणालाही लिहिलेलं नाही. दुरुस्त्या सुचवतोच. घरात पोहे केले तरी मी म्हणतो, छान झालेत, फक्त... त्या ‘फक्त’ला बायको मला सोडून निघून जाते. म्हणजे स्वयंपाकघरात जाते.

लेकीच्या बाबतीत माझा एकच हट्ट होता, आणि तो दारावरच्या पाटीत होता. पीएच.डी. झाल्यावर मी हौसेनं नावामागं ‘डॉ.’ लावून पाटी केली. तेव्हापासून कॉलनीत नवीन आलेली माणसं तापानं फणफणलेली पोरं घेऊन दार वाजवतात. “मी तो डॉक्टर नाही,” असं मी इतक्यांदा बोललोय की आता बेल वाजली की तेच तोंडात येतं. लेक डॉक्टर झाली की ही पाटी खरी होईल, असं मी मनात धरून होतो. तिला कधी विचारलं का? विचारलं होतं. दहावीत. ती ‘हो’ म्हणाली होती. दहावीतली पोरं हो म्हणतात.

रविवारी मॅडमचा अहवाल आला. निबंधाची त्यांनी पानोपानी चिरफाड केली होती, आणि शेवटी एक ओळ: ‘मुलगी कुठं असते?’ लातूरलाच, असं मी कळवलं. त्यांनी लिहिलं, ‘रविवारी जेवायला पाठवावी. मी एकटीच असते.’

लेक आधी कुरकुरली. एकदा गेली. मग दर रविवारी जायला लागली. मला तर हर्ष झाला. इतक्या लांब लेकीकडं बघणारं कुणीतरी मिळालं होतं आणि ते कुणीतरी माझ्या ओळखीचं होतं. पहिल्याच महिन्यात मी मॅडमना फोन लावला.

“कशी आहे, मॅडम?”

“मांडणी बरी आहे. पद्धतीचा भाग कच्चा आहे.”

“निबंध नाही मॅडम. मुलगी.”

“ते मी सांगणार नाही.”

“अहो, मी बाप आहे तिचा!”

“म्हणूनच. सर, निबंध तपासणाऱ्याचं नाव तुम्ही लेखकाला सांगता का?”

“नाही, पण ते...”

“कुणी लई मागं लागलं तरी?”

“तरी नाही.”

“मग?” असं म्हणून त्यांनी पद्धतीच्या भागाकडं मोर्चा वळवला, आणि मी माझ्याच पडद्याच्या या बाजूला उभा राहून ऐकत राहिलो.

लेकीचे फोन मला यायचे ते असे: बरी आहे. हो. चालू आहे. देऊ का आईला? आईला दिला की पलीकडून हसू ऐकू यायचं. दिवाळीत ती चार दिवस आली. झोपली, चकल्या खाल्ल्या, स्वयंपाकघरात मायलेकींचं काहीतरी रंगात आलं की मी जाऊन उभा राहायचो, आणि विषय लगेच चिवड्यातल्या मिठावर यायचा. मीठ बरोबर होतं. ‘फक्त’ म्हणायचं मी तोंडातच दाबलं.

ऑक्टोबरच्या अंकात अनुक्रमणिकेवर एकाच लेखकाचं नाव दोनदा छापलं गेलं आणि एकाचं गळालं. मी प्रेसमध्ये जाऊन ओरडलो. प्रेसवाल्यानं शांतपणे तपासायला दिलेलं पान पुढं केलं. खाली माझी सही. “सर, तुमचं ध्यान कुठं हाय सध्या?” गळालेल्या लेखकानं मला पुढं कित्येक दिवस रोज सकाळी नमस्काराचा मेसेज पाठवला. नुसता नमस्कार. शिव्या परवडल्या असत्या.

जानेवारीचा अंक निघाला तेव्हा मी मॅडमच्या प्रती स्वतः नेऊन द्यायचं ठरवलं. एरवी त्या पोस्टानं जातात.

“पोस्ट बंद पडलं का?” बायकोनं विचारलं.

“पोस्टात कोपरे दुमडतात.”

“जावा. तुमचेबी कोपरे सांभाळून या.”

रविवारी एसटीनं निघालो. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, आणि मी गठ्ठा मांडीवर घेऊन काय काय बोलायचं ते घोकत होतो. मॅडमचं घर गल्लीच्या टोकाला. फाटकापाशी पोचलो तर पायरीवर लेकीच्या चपला. आतून आवाज येत होता, जाडा, घसा खाकरून काढलेला, पुरुषी:

“अहं! मुदत उलटली! आपल्याकडून... अहं... अजून काहीच आलेलं नाही!”

तो मी होतो. म्हणजे माझी लेक मी झाली होती. खाकरणं तर इतकं हुबेहूब की मलाही खाकरावंसं वाटलं.

“आणि मला म्हणे ओवा खा!” मॅडम म्हणाल्या, आणि दोघी जोरजोरात हसायला लागल्या. मॅडम हसतात हे मला त्या दिवशी कळलं. लेक अशी हसते हे मी विसरलो होतो. मी फाटकाची कडी धरून उभाच. आत गेलो तर हे थांबणार, आणि परत फिरलो तर गठ्ठ्याचं काय करायचं?

शेजारच्या ओट्यावरच्या आजी केव्हाच्या माझ्याकडं बघत असाव्यात. त्या मोठ्यानं म्हणाल्या, “कोन पायजे वो तुमाला? लई वेळचं उभं ऱ्हायलाव!”

आतलं हसू बंद झालं.

जेवण झालं. वरणभात, मेथीची भाजी, आणि निबंधांची चर्चा. लेक ताटाकडं बघून जेवत होती. निघताना मॅडम तिला म्हणाल्या, “बाबांना स्टँडवर सोडून ये.” त्या मला काही सांगणार नव्हत्या, पण वाट तरी दाखवली.

लातूरच्या स्टँडवर पोरांचीच गर्दी. प्रत्येकाच्या पाठीवर दप्तर आणि शेजारी डबा घेऊन आलेला एक बाप. अहमदपूरकडची गाडी लागायची होती. लेक समोर बघत बोलली.

“बाबा, या वेळी परीक्षा देते. मन लावून देते. पण नाही झालं तर तिसऱ्यांदा नाही. परत लातूर नाही.”

“मग काय करणार?”

“माहीत नाही अजून.”

निष्कर्ष नसलेला निबंध माझ्याकडं आला की मी परत पाठवतो. सवयीनं सुरू झालो. “हे बघ, विचार चांगला आहे. फक्त... हॉस्टेल बदलू. नाहीतर नांदेडला घरी राहून कर. क्लास तिथंही आहेत. नाहीतर फक्त बायोलॉजीला वेगळे सर...”

“बाबा.”

“नाहीतर अर्धं वर्ष...”

“बाबा, स्वीकारा नाहीतर नाकारा. दुरुस्त्या नको.”

एवढ्यात गाडी लागली आणि लोक खिडकीतून रुमाल टाकायला धावले. मीही धावलो. जागा पकडली, खिडकीतून हात हलवला, आणि उत्तर द्यायचं राहून गेलं. राहून गेलं असं मी अहमदपूरपर्यंत स्वतःला सांगत होतो. त्याच्या पुढं तेही सांगवेना.

फेब्रुवारी गेला. एप्रिलच्या अंकाची जुळवाजुळव सुरू झाली. मी तपासणाऱ्यांना तगादे लावत होतो, आणि प्रत्येक तगाद्याला माझंच मन खाकरत होतं. मॅडमचे अहवाल आता मुदतीआधी यायचे. लेक फोनवर स्टँडचा विषय काढत नव्हती, मी तर मुळीच नाही. दारावर बेल वाजली, मी म्हणालो, मी तो डॉक्टर नाही. कुरियरवाला होता.

मार्चमध्ये एका रविवारी सकाळी तिचा मेसेज आला.

‘मुदत उलटली. आपल्याकडून अजून काहीच आलेलं नाही. आणखी किती वाट बघायची? जमणार नसेल तर स्पष्ट कळवा, म्हणजे दुसरा विचार करता येईल.’

अक्षर न् अक्षर माझंच. तिनं ते जुलैपासून जपून ठेवलं होतं. मी खुर्चीतून उठलो, बसलो, परत उठलो. व्हरांड्यात जाऊन पाटीकडं बघून आलो. मग लिहायला घेतलं: ‘तुझ्या निर्णयाचा आदर आहे, मात्र पुढील बाबींकडे लक्ष द्यावे...’ खोडलं. ‘निकाल लागल्यावर आपण सविस्तर...’ खोडलं. ‘फक्त एकच सुचवावंसं वाटतं...’ हे तर लिहिता लिहिताच मला लेकीच्या आवाजात ऐकू आलं, खाकरण्यासकट. तिच्या ‘माहीत नाही’पाशी मी पुन्हा पुन्हा अडत होतो. खरं तर वीस वर्षं मानसशास्त्र शिकवून मला तरी काय माहीत होतं? जे येईल त्याच्या शेजारी उभं राहायचं, एवढंच तिनं मागितलं होतं.

शेवटी लिहिलं: ‘स्वीकारलं. दुरुस्ती नाही. जेवलीस का?’ आणि फार विचार व्हायच्या आत पाठवून दिलं.

गच्चीवर गेलो. बायको पलंगावर धुतलेली साडी पसरून कुरडया घालत होती. कोपरापर्यंत गव्हाच्या चिकानं भरलेले हात, सोऱ्या दोन्ही हातांनी फिरवत. मी तिला सगळं सांगितलं. स्टँडवरचं, आजचं, काय काय खोडलं तेही. ती ऐकत होती, कुरडईचं वेटोळं मोडू न देता.

“पाठवलं एकदाचं,” मी म्हणालो.

तिनं सोऱ्या थांबवला.

“कुणाला?” ती म्हणाली. “बघा एकदा.”