सात नंबरचा रहिवासी

सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या आमच्या कंपनीत कोण किती वाजता आला हे मशीन सांगतं; पण कोण कुठून येतो हे फक्त बसड्रायव्हर चिंधाभाऊला ठाऊक होतं. नरोलीच्या थांब्यावर एखादा दिसला नाही, तर हा बस थेट गल्लीत घालायचा आणि हॉर्न देऊन त्याला अंथरुणातून उठवायचा. बाकीचे शिव्या घालायचे. हा हसायचा. पहिल्या सीटवर मी बसायचो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ आमचं बोलणं चालायचं.

माणूस शहाद्याकडचा. वीस-बावीस वर्षांपूर्वी सिल्वासाला आला तो इथलाच झाला. दोन पोरी इथल्या शाळेत शिकल्या, बायकोनं, मंजुळाबाईनं, इथल्याच कारखान्यात पॅकिंगचं काम केलं. पण गाव कुठलं विचारलं की छाती फुगवून "शहादा!" म्हणणार. लायसन्स तिकडचं, रेशनकार्ड तिकडचं, मतही तिकडंच. निवडणूक आली की तिकडचे पुढारी गाडी पाठवायचे आणि हा नवरा-बायकोचा जोडा मत द्यायला जायचा. "आपलं नाव आपल्या मातीत ऱ्हायलं पायजे ना भाऊ," म्हणायचा. मी मान डोलवायचो. मातीला काय, तिला कुणाचंही नाव चालतं.

तो राहायचा नरोलीतच, नारायणशेठच्या चाळीत, आमच्या इमारतीच्या समोर. त्या चाळीची एक रीत होती. अकरा महिने झाले की प्रत्येक भाडेकरूनं खोली बदलायची. शेठ रिकाम्या खोलीला चुना मारून द्यायचा, मग दोनचा माणूस पाचमध्ये, पाचचा नऊमध्ये. भाडेकरूंनी त्याचा सणच करून टाकला होता. नव्या उंबऱ्यावर नारळ फुटायचा आणि मंजुळाबाई चाळभर शिरा वाटायची. आमच्याकडेही वाटी यायची. एवढी काळजी घेणारा शेठ कुठं मिळतो, असं सगळे म्हणायचे. यंदा चिंधाभाऊ सात नंबरमध्ये होता.

आणि मग आमच्या वाहतूक विभागात पुण्याचे हृषीकेश साहेब आले. कंपनीनं ठरवलं होतं म्हणे, की ड्रायव्हर स्थानिकच दाखवायचे. ज्याच्या लायसन्सवर इथला पत्ता असेल त्यालाच दिवाळीनंतर स्टिअरिंग मिळणार. साहेबांनी चिंधाभाऊला खुर्चीवर बसवून, चहा पाजून हे सांगितलं. त्यांचाही नाइलाज होता. हा शब्द साहेब लोकांच्या तोंडी फार शोभून दिसतो.

चिंधाभाऊ हसतच बाहेर आला. पत्ता तर बदलायचा, त्यात काय? लायसन्सच्या ऑफिसात सांगितलं, राहण्याचा पुरावा आणा. लाइटबिल शेठच्या नावावर. आधार कार्डावर गावचा पत्ता, आणि तो बदलायलाही पुरावाच लागत होता. राहता राहिला भाडेकरार. तो शेठकडे गेला. शेठनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"चिंधाभाई, तू तो घरनो माणस छे. घरना माणसने कागळ शेनो?"

घरच्या माणसाला कागद कशाला! भाडं घेताना मात्र हा घरचा माणूस कधी आठवला नव्हता. चिंधाभाऊ आठवडाभर चकरा मारत राहिला. शेवटी शेठ चिडला.

"बावीस वरस, बावीस वरस! कई रूममां? एके रूममां बार महिना रह्यो छे तू?"

तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. एका खोलीत वर्ष भरलं असतं तर हा माणूस इथं राहतो असं कुणालाही म्हणता आलं असतं. ते कुणाला म्हणता येऊ नये म्हणून तो चुना होता. आणि आम्ही त्यावर शिरा खात होतो. मला तेव्हा आलेला संताप आजही गेलेला नाही.

तो गावी गेला. मला वाटलं, इथला नाही तर निदान गावचा रहिवासी दाखला तरी घेऊन येईल. ग्रामपंचायतीत उत्तर मिळालं, "दादा, तुम्ही इथं राहताच कुठं? तुम्ही सिल्वासावाले." मत मागायला गाडी पाठवणाऱ्या पुढाऱ्यानं फोन उचलला नाही. चिंधाभाऊ हात हलवत परत आला. मंजुळाबाई म्हणाली, "एवढी वर्सं काय केलं आपण इथं? लपून ऱ्हायलो का?"

दिवाळी झाली आणि बसवर विकी आला. नारायणशेठच्या बहिणीचा मुलगा, सुरतेचा. गाडी बरी चालवायचा, पण रस्ता एकही माहीत नव्हता. मग हृषीकेश साहेबांनीच तोडगा काढला, की चिंधाभाऊनं थोडे दिवस शेजारी बसून रस्ता दाखवावा. पगार निम्मा. चिंधाभाऊ बसला. न बसून सांगतो कोणाला?

तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी पुलाच्या अलीकडे पोलिसांनी बस थांबवली. विकीनं पाकीट चिंधाभाऊकडे टाकलं. "काका, लायसन्स दे दो ना उनको." पोलिसानं कार्ड पाहून परत दिलं. चिंधाभाऊनं ते पाकिटात घातलं नाही. उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्यापुढे धरलं.

"भाऊ, वाचा बरं. लोकल पत्ता कसा ऱ्हातो ते पाहू तरी."

मी वाचलं. मोठ्यानं वाचायला नको होतं, पण वाचून गेलो. नारायणशेठची चाळ, खोली नंबर सात, नरोली.

चिंधाभाऊ कार्डाकडे बघत राहिला.

"सातमधी तर मी ऱ्हातो," तो म्हणाला.

विकी हसला. पोरगं वाईट नव्हतं, त्याला खरंच काही वाटलं नव्हतं. "अरे काका, वो तो मामा ने बनवा दिया. कागज पे."

बस पूल ओलांडून नरोलीत शिरली. चिंधाभाऊनं कार्ड पाकिटात नीट घातलं, पाकीट विकीच्या खिशात सरकवलं. पुढं रस्ता फुटला तिथं विकीनं वेग कमी केला, इकडंतिकडं पाहिलं.

"काका, आज मामा ने बुलाया है. ये उनकी चाल किधर पडती है?"

चिंधाभाऊनं हात वर केला आणि नेहमीच्याच आवाजात सांगितलं, "लेफ्ट ले. टाकी के पास रोक दे. वहीं है तेरा घर."