हात मागे

कुणी अडचण घेऊन आलं की मॅडम आधी दोन्ही हात पाठीमागे घ्यायच्या. मग म्हणायच्या, “दाबा सर, काही फुटत नाही.”

डोंबिवलीच्या आमच्या कॉलेजात प्राध्यापकांना ऑनलाइन शिकवायला शिकवणं हे त्यांचं काम. नेमणूकपत्रावरचा लांबलचक हुद्दा कुणालाच पाठ नव्हता. शिपाई त्यांना कॉम्प्युटरवाल्या मॅडम म्हणायचा. पंखा बंद पडला तरी आमच्यातले काही जण त्यांनाच हाक मारत. तुमच्याही ऑफिसात असं कुणीतरी असेलच. करार अकरा महिन्यांचा. ठाकुर्लीच्या घरात कमावत्या त्या एकट्याच, त्यामुळे तो वाढेल की नाही या काळजीत त्यांचा उन्हाळा जायचा.

मी भूगोलाचा. तीस वर्षं खडू आणि नकाशा यांवर निभावलेलं. मला त्यांचा रागच यायचा. माउस त्यांनी घेतला असता तर दोन मिनिटांत सुटका होती. त्यांच्या पद्धतीने अर्धा तास जायचा. एकदा वैतागून विचारलं, हे काम तुमचं की माझं?

“तुमचं,” त्या शांतपणे म्हणाल्या. हात मागेच.

माझं चाळीस मिनिटांचं पहिलं रेकॉर्डिंग त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं. बहुधा त्यांनी एकट्यांनीच. मग स्वतःचा छोटा फोन माझ्यापुढे धरून नकाशातली उल्हास नदी दाखवायला सांगितली. मला ती सापडेना.

“मुलं यावरच बघतात सर. आणि बघताना त्यांनी करायचं काय, ते यात कुठेच नाही.”

मी ते रेकॉर्डिंग पुसलं. पुढचं आठ मिनिटांचं केलं, आणि मुलांनी आपापल्या भागाचा नकाशा काढून पाठवायचा असं ठरवलं. कळव्याच्या एका मुलीने खाडी काढली आणि भरतीचं पाणी तिच्या चाळीच्या कितव्या पायरीपर्यंत येतं तेही दाखवलं. इतक्या वर्षांत असं उत्तर मला आलं नव्हतं. त्यानंतर मी दाबायला घाबरलो नाही.

एप्रिलमध्ये प्राचार्यांनी बैठक बोलावली. विषय मॅडमच्या करारवाढीचा. तुम्हाला अजून मॅडमची मदत लागते का, असं त्यांनी मला विचारलं. मी ताठ बसून म्हणालो, “अजिबात नाही. आता सगळं माझं मीच करतो.”

मला वाटलं, मी त्यांचं कौतुक करतोय. खरं सांगायचं तर ते माझंच होतं. बाकीच्यांनीही तेच सांगितलं. प्राचार्यांनी वहीत काहीतरी टिपलं, आणि करार वाढला नाही.

मी कबुली द्यायला गेलो तेव्हा त्या टेबलाचा खण रिकामा करत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं.

“खरंच सगळं स्वतः करता?”

मी हो म्हणालो.

“मग बरोबरच सांगितलंत,” त्या म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता. हे सगळं त्यांनी शिकवलं, एवढं एक वाक्य बैठकीत माझ्या तोंडून निघालं नव्हतं. त्याची लाज मला अजून वाटते.

जूनमध्ये एक नवीन प्राध्यापिका आल्या. त्यांची फाइल अपलोड होईना, म्हणून मला बोलावलं. माझा हात माउसकडे गेला. तो मी मागे घेतला आणि दुसऱ्या हाताने मनगट धरून ठेवलं. त्या चुकीच्या बटणावर जात होत्या, परत येत होत्या, आणि हात मागे ठेवणं किती जड जातं ते मला तेव्हा कळलं.

बऱ्याच वेळाने फाइल चढली. हे तुम्हाला कुणी शिकवलं, त्यांनी विचारलं.

मी मॅडमचं पूर्ण नाव सांगितलं. खोलीत आम्ही दोघंच होतो.