सुलभाताईंचा भिंगवाला

सुलभाताई गेल्याचं त्यांच्या शेजारणीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी नीउ-व्हेनेप या इथल्या डच गावाच्या स्टेशनवर सायकल लावत होतो. "सकाळी खुर्चीतच गेल्या, शांतपणे," ती म्हणाली. माझी ट्रेन आली, गेली... मी तिथेच उभा. त्याला आता पाच आठवडे झाले.

डेल्फ्टच्या विद्यापीठात त्यांनी उभी हयात भिंगांवर संशोधन केलं. निवृत्तीनंतर लॅटिन शिकल्या, ते सतराव्या शतकात याच देशात भिंगं घासून पोट भरणाऱ्या एका तत्त्वज्ञासाठी. त्याला त्या 'आमचा भिंगवाला' म्हणायच्या, जणू पलीकडच्याच गल्लीत राहतो!

तीन वर्षांपूर्वी गणपतीत माझी लेक रेवा आरतीला उभी राहिली नाही. "बाबा, आय डोन्ट बिलीव्ह इन धिस," असं पाहुण्यांदेखत म्हणाली. पुढे ती शिकायला टिलबर्गला गेली आणि दोन महिने मी तिच्याशी बोललो नाही. सुलभाताई स्वतः खड्या आवाजात आरती म्हणणाऱ्या. त्या माझीच बाजू घेतील, अशा खात्रीने मी गाऱ्हाणं मांडलं.

चहा गाळता गाळता त्या म्हणाल्या, "आमच्या भिंगवाल्याला तेविसाव्या वर्षी वाळीत टाकलं. देव वर कुठे बसलेला नाही, हा अवघा निसर्ग म्हणजेच तो, असल्या विचारांपायी. कुणी त्याच्याशी बोलायचं नाही, असं फर्मानच निघालं. मिलिंद, तू घरात वेगळं काय केलंयस?"

मी चिडलो. "म्हणजे तिचं बरोबर?"

"ते मला नाही ठाऊक. पण ती असं का म्हणते, हे तुला तरी ठाऊक आहे का? समजत गेलं की राग निवतो, असं त्याचं म्हणणं. करून तर बघ."

शनिवारी टिलबर्ग गाठलं. रेवा तीन तास इंग्रजीत बोलली, मी ऐकलं. सगळं पटलं नाही. पण ती मला सोडायला स्टेशनपर्यंत आली. ताई, ते तुमचे उपकार...

गेल्या आठवड्यात आम्ही दोघं ताईंचं घर आवरायला गेलो. टेबलावर भिंगवाल्याच्या ग्रंथाचा त्यांनी मराठीत केलेला अनुवाद होता, वह्यांमध्ये, शेवटच्या भागापर्यंत आलेला. रेवाला मराठी कळतं, वाचता येत नाही. म्हणून मी मोठ्याने वाचू लागलो. एका ओळीत 'आनंद' खोडलेला, 'समाधान' खोडलेलं, 'तृप्ती'ही खोडलेली, आणि पुढे कोरी जागा. तिथे कोणता शब्द हवा, यावरून रेवा आणि मी तेव्हापासून रोज फोनवर भांडतोय.