वरच्या भाऊंची कंबर

वरचे भाऊ कोणाच्याही घरी गेले तरी बसत नसत. यात राग नव्हता, घाई नव्हती, गर्वही नव्हता. कंबर होती. आमच्याकडे आले की ते फ्रीजला पाठ टेकून उभे राहत, उभ्याने चहा पीत, उभ्याने पोहे खात आणि दीड तास गप्पा मारून उभ्याउभ्याच निघून जात. माझी आई दर वेळी खुर्ची पुढे सरकवायची आणि ते दर वेळी म्हणायचे, "बसलोच समजा, काकू." शेवटी आईने खुर्चीचा नाद सोडला आणि फ्रीजवरचे डबे हलवून त्यांना कोपर टेकायला जागा करून दिली.

त्यांच्या मुलीला पाहायला भंडाऱ्याहून पाहुणे आले तेव्हाही हेच. मुलीचा बाप उभा म्हणून मुलाचा बाप उभा राहिला. तो उभा म्हणून मुलाचे काका उठले, मग मुलगा उठला. पोट्टी चहाचा ट्रे घेऊन आली तर खोलीत सात माणसं राष्ट्रगीताला उभी असावीत तशी उभी. कोणीच कोणाला बसा म्हणेना. भाऊंना वाटलं, पाहुणे निघाले. पाहुण्यांना वाटलं, आपल्याला घालवून देत आहेत. वहिनींनी दारातून ओरडून सांगितलं, "अवो, त्यायची कंबर दुखते! तुमी बसा ना बापा!" लग्न जमलं. मुलाचे काका मात्र अजूनही त्या घरात बसायच्या आधी इकडेतिकडे पाहतात.

भाऊ रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या एका स्टील कारखान्यात क्रेन चालवत. रस्त्यावरची क्रेन नव्हे; शेडच्या छताखाली, रुळांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणारी. तिला खाली एक लोखंडी केबिन लटकवलेली असते आणि चालकाला माल दिसतो तो आपल्याच दोन गुडघ्यांच्या मधून. म्हणजे आठ तास पुढे वाकून पायांच्या फटीतून खाली पाहत राहायचं. भाऊंनी हे पंचवीस वर्षं केलं. सगळा शेड त्यांना 'ऊपर वाले भैया' म्हणायचा. शेडमध्ये मराठी आम्ही दोघंच, म्हणून माझ्यापुरते ते वरचे भाऊ. मी त्यांचा खालचा माणूस. खाली उभं राहून हाताच्या खुणांनी त्यांना डावीकडे घ्या, उतरवा, थांबा हे सांगायचं, एवढीच माझी नोकरी. चौदा वर्षं आम्ही एकमेकांशी हातांनीच बोललो. तोंडाने बोलायचो ते जेवणाच्या सुट्टीत, आणि तेही बहुतेक कंबरेबद्दल.

"कशी हाये आज?" असं मी डबा उघडताना विचारायचो. ते मान हलवून सांगायचे, "हाये. पण आज बोलून नाई राहिली." कधी म्हणायचे, "सकाळपासून कुरकुर करून राहिली, लक्ष नाई दिलं मी." कंबर धरल्यापासूनच्या अकरा वर्षांत त्यांनी 'माझी कंबर दुखते' असं एकदाही म्हटलं नाही. ती जणू घरात येऊन राहिलेली नात्यातली बाई होती. तिचा मान ठेवायचा, पण तिच्या तोंडी लागायचं नाही.

त्यांची दुसरी सवय म्हणजे उपाय सांगणाऱ्याचं मन मोडायचं नाही. कोणी म्हणालं पट्टा बांधा, तर ते गोल बाजारातून पट्टा घेऊन आले आणि तो शर्टाच्या वरून बांधून ड्यूटीवर आले. गेटवरच्या गार्डाला वाटलं, पहलवानी सुरू केली. कोणी म्हणालं गादी सोडा, तर त्यांनी पलंगावर लाकडी फळी टाकली. वहिनी सांगायच्या, "दुखते ह्यायची कंबर, अन् फळीवर मी बी! मले काय झालं होतं?" वर्षभराने वहिनींचीही पाठ धरली. मग फळी गेली. बीरगांवात एक नस बसवणारा होता. तो भाऊंना पालथं झोपवून सरळ त्यांच्या पाठीवर चढला. उतरल्यावर विचारलं, "अब कैसा लग रहा है?" भाऊ प्रामाणिक माणूस. म्हणाले, "दर्द वही है भैया, बस जगह बदल गया." त्याने याला सुधारणा म्हटलं आणि पुढच्या मंगळवारी यायला सांगितलं. भाऊ गेले.

मग एमआरआय झाला. त्या मोठ्या पाकिटाने आमची जेवणाची सुट्टी व्यापून टाकली. भाऊ चहाच्या टपरीवर ती काळी फिल्म उन्हात धरायचे आणि सगळा घोळका तिच्याभोवती जमायचा. टपरीवाला बराच वेळ पाहून म्हणाला, "करिया-करिया दिखत हे, भैया." काळं दिसतं हे खरंच होतं, एमआरआयमध्ये बहुतेक सगळं काळंच असतं. एका ट्रक ड्रायव्हरने चौथ्या-पाचव्या मणक्यावर काळं बोट ठेवून निकाल दिला की बेअरिंग गेलं आहे, ग्रीस मारून काही होणार नाही. गंमत अशी की यातल्या यात ड्रायव्हरच खऱ्याच्या जवळ होता.

कारण रायपूरच्या सर्जननेही हेच सांगितलं. म्हणाला, तिथली गादी सरकली आहे, नस दाबली जाते आहे. आज नुसतं दुखतंय, उद्या पायातली ताकद जाईल. ऑपरेशन करा. सगळं दुखणं जाईल असं वचन देत नाही, पण पाय वाचेल. इतका सरळ बोलणारा डॉक्टर भाऊंना आवडला नाही. शिवाय रायपूरच्या मराठी माणसाचा सर्दी-खोकला इथे बरा होतो. त्यापुढचं सगळं नागपूरला. आमच्या आजोबांचा मोतीबिंदू नागपूरला, मामांचा हर्निया नागपूरला. तेव्हा भाऊ नागपूरला गेले. गाडीत सीट मिळाली होती, ती त्यांनी एका म्हाताऱ्याला दिली आणि दाराजवळ उभे राहून गेले. तिथल्या नामांकित डॉक्टरने तीन तास वाट पाहायला लावली, फिल्म दोन मिनिटं पाहिली आणि विचारलं, "रायपूरचे ना तुम्ही? मग इकडे कशाला आलात? माझ्याच हाताखाली शिकलेला माणूस आहे तिथे." आणि त्याच सर्जनचं नाव लिहून दिलं. भाऊ उभेच परत आले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "दोन डॉक्टर एकच गोष्ट बोलून राहिले. मले त्यात काहीतरी भानगड वाटते."

भानगड काही नव्हती. भीती होती, आणि ती सुरीची नव्हती. कंबरेचं ऑपरेशन झालेल्या माणसाला कारखान्याचा डॉक्टर पुन्हा क्रेनवर चढू देत नाही, हे शेडमधल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. दर वर्षी मेडिकल व्हायचं. वाकून पायाचे अंगठे धरून दाखवायचे. भाऊ आधी दोन दिवस सुट्टी घेऊन जमिनीवर पडून राहायचे, गेटवर गोळी घ्यायचे आणि डॉक्टरसमोर असे वाकायचे की विचारू नका. नंतर दोन दिवस त्यांना मोजे घालता यायचे नाहीत. "बाकी साल भर मी फिट हावो," ते म्हणायचे. एकदा मात्र डब्याचं झाकण लावता लावता अचानक बोलले, "वर हावो म्हणून चार माणसं मान वर करून पाह्यतात. खाली उतरवलं तर मी कोण आहो रे?" मी लोणचं पुढे केलं.

हे सगळं मला माहीत होतं आणि मी कोणालाच सांगितलं नाही. यात दोस्ती किती आणि भित्रेपणा किती, हे मी स्वतःला विचारून पाहिलं आहे. त्या क्रेनला लटकायचे ते दहा-दहा टनांचे गठ्ठे, आणि खाली वावरायची ती माणसं. त्यात मीही होतो. तरी मी गप्प. आज आठवलं की स्वतःची चीड येते.

मग मे महिन्यातली ती दुपार आली. लोखंडी दांड्यांचा गठ्ठा घेऊन भाऊ माझ्याकडे येत होते. मी हात आडवा केला, म्हणजे थांबा. क्रेन थांबली नाही. मी दोन्ही हात केले, ओरडलो. पाण्याच्या ड्रमजवळ दोघं जण पाणी पीत होते, ते उडी मारून बाजूला झाले आणि गठ्ठ्याने ड्रमचा चपटा पत्रा करून टाकला. सगळ्या शेडवर पाणी उडालं. तेवढ्यात भाऊंनी क्रेन उलटी मारून थांबवली. कोणाला खरचटलंही नाही. शिफ्ट इन्चार्ज धावत आला आणि सरळ माझ्यावर सुटला, "सिग्नल लेट दिया तूने! सो रहा था क्या?" खरं बोललो असतो तर भाऊ गेले असते, खोटं बोललो असतो तर मी.

वरून शिडी वाजायला लागली. ती शिडी भाऊ रोज दोन मिनिटांत उतरायचे. त्या दिवशी वीस मिनिटं लागली. डावा पाय पायरीवर टेकत नव्हता. ते एका हाताने गज धरून दुसऱ्या हाताने पँट धरून तो पाय खालच्या पायरीवर ठेवत होते. मी वर चढायला निघालो तर त्यांनी वरूनच हात आडवा केला. थांबलो. सगळा शेड मान वर करून पाहत होता. खाली आले, खांबाला धरून उभे राहिले आणि इन्चार्जला म्हणाले, "सिग्नल सही था, साहब. ब्रेक मेरे पैर का था, पैर नहीं आया. इसको कुछ मत बोलो." एवढंच. अकरा वर्षं लपवलेली गोष्ट त्यांनी तीन वाक्यांत देऊन टाकली, माझ्यासाठी. मला रडू आलं. अंगावर पाणी होतंच, म्हणून कोणाला कळलं नाही.

त्यानंतरही उपाय सांगायला लोक घरी आलेच. एकाने केरळचं तेल आणलं, एकाने जगदलपूरकडची मुळी. भाऊ सवयीने प्रत्येकाला हो म्हणत होते. शेवटी वहिनी पदर खोचून मध्ये उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "साऱ्यांचं आयकलं तुमी. आता माह्यं आयका. पाय गेला तर मी उचलून नाई फिरणार तुमाले." दुसऱ्या दिवशी भरती, चौथ्या दिवशी ऑपरेशन. रायपूरलाच, त्याच डॉक्टरकडे. पायात हळूहळू जीव आला. कंबर पूर्ण गेली नाही. मी विचारलं, आता कसं वाटतं? म्हणाले, "दुखते. पण पह्यल्यासारखी ओळख नाई देत."

क्रेन गेली ती गेलीच. त्यांना स्टोअरमध्ये नट-बोल्ट द्यायला बसवलं. दोन वर्षं ते शेडमध्ये फिरकले नाहीत. चहाही स्टोअरच्या मागच्या दाराने मागवायचे. मी जायचो, दोन शब्द बोलून यायचो. क्रेनचं नाव दोघंही काढत नसू.

निवृत्तीच्या दिवशी मात्र आले. हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम होता, साहेब शाल-नारळ घेऊन बसले होते, आणि उत्सवमूर्ती आमच्या शेडमध्ये, माझ्या शेजारी. वर नवा चालक होता. मी हात हलवत होतो, भाऊ मान वर करून पाहत होते. चौदा वर्षं मी जिथून त्यांना पाहिलं तिथून ते पहिल्यांदाच वर पाहत होते. मग म्हणाले, "मी एवढासाच दिसत होतो का रे तुले?"

"नाई भाऊ. तुमी मोठे दिसत होते."

"खोटं बोलून राहिला," असं म्हणून ते पुन्हा वर पाहायला लागले. पाव तास झाला असेल. मग त्यांनी मान चोळली. "मान भरून आली रे. तुले नाई होत?"

"सवय हाये," मी म्हणालो.

त्यांनी वर पाहणं सोडलं आणि माझ्याकडे पाहिलं. या 'सवय हाये'चा अर्थ त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. माझ्या डाव्या हाताला बोटांपर्यंत मुंग्या यायच्या, रात्री कूस बदलताना मान हाताने उचलावी लागायची, आणि मेडिकलला 'कुछ तकलीफ?' विचारलं की मी छाती काढून 'नहीं साहब' म्हणायचो. त्यांना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. घरीही नाही.

"काहून नाई बोलला?"

"तुमी तरी कुठं बोलले होते?"

त्यांनी माझं मनगट धरलं. सुपरवायझरला सांगून माझ्या जागी दुसरा माणूस उभा केला आणि मला ओढत कारखान्याच्या डॉक्टरकडे नेलं. वाटेत मी म्हणालो, भाऊ, लोक वाट पाहून राहिले, माझी जागा जाईल. ते म्हणाले, "जाऊ दे. जागा जाते अन् माणूस राह्यते. मी पाह्यलं आहे."

डॉक्टर त्यांना पाहून गोंधळला. "अरे, आपका तो आज फेअरवेल है. फिर कमर?"

"कमर नहीं, साहब. इसकी गर्दन." त्यांनी मला खांद्याला धरून पुढच्या खुर्चीत बसवलं आणि मागे उभे राहिले.

डॉक्टरने वही उघडली. "कब से है?"

माझ्या तोंडातून सोळा वर्षांच्या सवयीने 'कुछ नहीं साहब' निघणारच होतं. त्याआधीच मागून आवाज आला, "जब से मैं ऊपर बैठा और ये नीचे खड़ा हुआ, तब से."

डॉक्टरने पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. खांद्यावरचा हात तसाच होता.

"सोलह साल, साहब," मी म्हणालो.