टेलरताईंचा गेमिंग कॉम्प्युटर

जिन्याखालच्या खोलीत टेलरताईंचं दुकान होतं. नवे कपडे शिवून घेणारे कमी झाले, तसं त्यांनी अल्टरेशनवर भागवायला सुरुवात केली. पँट आखूड कर, कंबर सैल कर, चेन बदल, यात दिवस कसा सरायचा कळायचं नाही. पन्नाशी उलटलेली, मूलबाळ नाही, नवरा पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात कारकून. सगळं कसं जागच्या जागी. अशा बाईच्या डोक्यात गेमिंग कॉम्प्युटरचं खूळ शिरलं, ते धाकट्या भावामुळे.

भाऊ नोकरीनिमित्त लांब राहायचा. आई होती तोवर भावाच्या बातम्या ताईंना आणि ताईंच्या भावाला, सगळं आईमार्फत पोचायचं. आई गेली आणि फोनवर दोघंही अवघडून गेले.

"जेवलास?"

"हो. तू?"

"झालं मगाशीच."

मग दोघंही नुसतेच फोन कानाला लावून बसायचे, आणि कुणीतरी एक जण "बरं, ठेवू?" म्हणून सुटका करून घ्यायचा.

एका रविवारी मात्र तो म्हणाला, "ताई, शेजारच्या काकांकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, आठवतं? तू मला पहिला डाव कधी द्यायची नाहीस."

"तुला दिला की लगेच मरायचास तू!"

दोघंही हसले. किती दिवसांनी हसले, कोण जाणे. "आता आपापल्या घरी बसून एकत्र खेळता येतं," तो म्हणाला. "मी रोज खेळतो. एकटाच. तू ये की."

ते 'एकटाच' ताईंच्या मनातून जाईना. भावजयीचं नाव त्याच्या बोलण्यात हल्ली येत नव्हतं, तेही खटकत होतं. पण विचारणार कसं?

काजं करायचं मशीन घ्यायला त्यांनी थोडे पैसे साठवले होते. त्यातूनच कॉम्प्युटर करायचा, असं त्यांनी ठरवलं.

"या वयात?" नवऱ्यानं पेपर खाली ठेवला.

"का? चष्मा लागलाय, बोटं चालतात अजून."

"मी कुठे नको म्हणतोय? फक्त साठवलेल्यातच बसव म्हणजे झालं."

"तेवढ्यातच," ताई म्हणाल्या, आणि कामाला लागल्या.

आता हातशिलाई करताना समोर मोबाईलवर गाण्यांऐवजी कॉम्प्युटर जोडायचे व्हिडिओ चालू लागले. सुरुवातीला सगळंच डोक्यावरून गेलं. मग हळूहळू उलगडा झाला. प्रोसेसर हिशेब करतो, ग्राफिक्स कार्ड चित्र काढतं, आणि एक भारी अन् दुसरं कमकुवत घेतलं तर भारी नुसतंच खोळंबून राहतं. ताईंना हे पटलं. जाड कापडाला नाजूक दोरा लावून कसं चालेल?

भाऊ म्हणाला, "मी पैसे पाठवतो, चांगला घे."

"मग तो तुझा होईल. मला माझा हवाय."

"बरं बाई. पण एक ऐक. पॉवर सप्लाय हलक्यातला घेऊ नकोस. तो गेला तर बाकीच्यांनाही घेऊन जातो."

ते त्यांनी ऐकलं. पॉवर सप्लाय नावाजलेला घेतला. कार्ड जुनं पण चांगल्या हातातलं, गल्लीतल्या फोटोग्राफरकडून, चालवून बघून घेतलं. मॉनिटर नवऱ्याच्या साहेबांनी घरून काढून टाकलेला होता, तो आणला. राहिली वरची पेटी, म्हणजे कॅबिनेट. दुकानदार काचेच्या, रंगीत दिव्यांच्या पेटीपुढून हलेना.

"मॅडम, गेमिंग म्हटलं की दिवे पाहिजेतच."

"दिव्यांनी खेळ जोरात पळतो का?"

"तसं नाही, पण शोभा…"

"शोभा राहू दे," म्हणत त्यांनी सगळ्यात साधी काळी पेटी उचलली.

पुढच्या रविवारी दुपारी कापड बेतायच्या टेबलावर सामान मांडलं. मोबाईल दोऱ्याच्या रिळांना टेकवून ठेवला, त्यात भाऊ. प्रोसेसर बसला, रॅम खट्कन बसली. शेवटी कार्ड आत घालायला गेल्या, तर ते जाईना. तिरकं करून पाहिलं, उलटं धरून पाहिलं. तीन बोटं लांब होत होतं.

"ताई," भाऊ हळूच म्हणाला, "तू माप घेतलं नव्हतंस?"

टेलरताई बघतच राहिल्या. गळ्यात टेप लोंबत होती. आयुष्य माप घेण्यात गेलं, येणाऱ्या-जाणाऱ्याची कंबर नजरेनं सांगणारी बाई, आणि कार्डाला एकदा टेप लावावीशी वाटली नाही! दारातून नवरा हे ऐकत होता. त्याचे खांदे हसण्यानं हलायला लागले, आणि मग ताईंनाही हसू आवरेना.

"परत कर पेटी," भाऊ म्हणाला.

"फोडलेला खोका कोण घेतंय परत? थांब जरा."

त्यांनी चष्मा सारखा केला आणि पेटीत डोकं घातलं. कार्ड ज्याला अडत होतं, तो पुढच्या बाजूचा पत्र्याचा पिंजरा होता.

"हे कशाला असतं रे?"

"जुन्या मोठ्या हार्ड डिस्क ठेवायला. तुझी तर छोटी पट्टी आहे, ती मदरबोर्डवरच बसली."

"मग हे रिकामंच राहणार?"

"रिकामंच."

"उसवते मग."

मशीनच्या ड्रॉवरमधून स्क्रू ड्रायव्हर काढून त्यांनी पिंजरा सोडवला. कार्ड अल्लद आत गेलं, वर बोटभर जागा उरली. बटण दाबलं, पंखे फिरले, आणि साहेबांच्या जुन्या मॉनिटरवर उजेड आला. नवऱ्यानं चहा टाकला.

खेळ असा होता की ओसाड माळावर दोघांनी मिळून लाकडं तोडायची, दगड जमवायचे आणि राहायला घर बांधायचं. पहिले काही दिवस ताई सारख्या ओढ्यात पडायच्या आणि भाऊ "अगं डावीकडे! डावीकडे!" म्हणून ओरडायचा. पण रोज दुकान बंद केल्यावर तासभर त्या कानाला हेडफोन लावून बसत, आणि माळावर घराच्या भिंती उभ्या राहिल्या. फोनवर न जमणारं बोलणं लाकडं तोडताना आपोआप निघू लागलं. आईचं, जुन्या घराचं, त्याच्या कचेरीतल्या खडूस साहेबांचं.

असंच एकदा छपराला फळ्या ठोकताना तो म्हणाला, "ताई, ती गेलीय माहेरी. बरेच महिने झाले. बहुतेक परत यायची नाही."

ताईंचा हात थांबला नाही. थांबला असता तर तोही थांबला असता, हे त्यांना कळत होतं.

"आईला माहीत होतं?"

"नाही. कुणालाच नाही सांगितलं."

"हं. ती पलीकडची फळी दे बघू."

त्यानं दिली. त्यांनी ती लावली. मग तो बोलत राहिला, भांडणांचं, चुकांचं, संध्याकाळी कुलूप उघडताना कसं वाटतं त्याचं. ताई मधूनमधून "हं" म्हणत होत्या आणि डोळ्यांना पदर लावत होत्या. ते त्याला दिसत नव्हतं.

"पुढच्या महिन्यात येतोस का चार दिवस?" त्यांनी विचारलं.

"येतो," तो म्हणाला. "ए, मागे बघ, लांडगा आलाय."